फेरा पुरा होईपर्यंत

हुबळीच्या लेथ कारखान्यातून मालक गुरुप्रसादचा फोन आला तेव्हा दीपश्री भेंडी चिरत होती. चिकट हातांनीच तिनं रिसीव्हर उचलला.

"अक्का, जरा येऊन जावा की आमच्याकडं. कॉम्प्युटरचं काम होतं. म्हणजे, बिघडला नाही... पण तुम्ही एकदा बघून जावा."

बिघडला नाही तर बघायचं काय, हा प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तिनं भेंडी आईच्या हवाली केली, स्कूटर काढली आणि धारवाडहून हुबळीच्या वाटेला लागली. दोन हजार सहा सालचा आषाढ होता. उणकलच्या तळ्यावर ढग उतरले होते, पण पाऊस काही पडत नव्हता. नुसतंच कोंदाटून आलं होतं.

गोकुळ रोडवरच्या लहानसहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा दीपश्रीचा धंदा. खरं तर तो तिच्या वडलांनी, श्रीहरी मास्तरांनी सुरू केलेला. मास्तर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले आणि घरी बसून आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागले, तेव्हा मायलेकींनी मिळून त्यांना या कामाला जुंपलं. गुडघे धरलेले, त्यामुळे रोज हुबळीला जाणं होईना. मग त्यांनी प्रत्येक कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घालून ठेवला. माळमड्डीतल्या आपल्या घरी बसून त्यांना तिकडचा पडदा जसाच्या तसा दिसे, आणि इथं त्यांनी माउस हलवला की तिकडचा बाण हले. सुरुवातीला कारखान्यातली माणसं दचकायची. पुढे सवय झाली. बाण आपोआप हलू लागला की कुणीतरी म्हणायचं, "मास्तर आले," आणि भीमराव नावाचा म्हातारा लेथवाला तर पडद्याला चक्क नमस्कार करायचा.

मास्तर चैत्रात गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्याची पायरी चढायच्या आत संपलं. तेव्हापासून दीपश्री एकटीच हे सगळं ओढत होती.

ती पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. लेथ थांबले होते. थांबलेल्या कारखान्यात तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास तेवढा मागे रेंगाळतो, आणि कान उगाचच कशाची तरी वाट बघत राहतात. ऑफिसच्या काचेच्या खोलीत गुरुप्रसाद हाताची घडी घालून उभा होता. कॉम्प्युटरसमोर स्टुलावर भीमराव बसला होता. त्याचा डबा मांडीवर तसाच होता.

"काय झालं?" दीपश्रीनं विचारलं.

"बसा की, बाई," भीमराव हळूच म्हणाला. "मास्तर येत्यात. रोज ह्याच टायमाला येत्यात."

दीपश्रीनं गुरुप्रसादकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, पण त्याचा चेहरा काही थट्टेचा नव्हता.

पडद्यावर मागच्या खंडेनवमीचा फोटो होता. लेथला झेंडूच्या माळा, पुढे फोडलेला नारळ, आणि मागे ओळीनं उभी सगळी माणसं. दीपश्रीनं माउस उचलला आणि उलटा करून बाजूला ठेवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरच्या कोपऱ्यातून बाण हलला.

तो दबकत आला. परक्या घरात अंधारात भिंत चाचपत माणूस येतं, तसा. फोटोतल्या एकेका चेहऱ्याजवळ थबकला, पुढे सरकला, आणि भीमरावच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबला. मग त्या चेहऱ्याभोवती त्यानं सावकाश एक गोल फेरा घातला. जिथून सुरुवात केली तिथंच येऊन तो टेकला, किंचित थरथरला आणि पडद्यावरून नाहीसा झाला.

दीपश्री पडद्यापासून दोन पावलं मागे सरकली. कारण ही लकब एकाच माणसाची होती. तिचे अप्पा कशावरही क्लिक करायच्या आधी त्याच्याभोवती बाण एकदा गोल फिरवायचे. जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवायची सवय, ती इथंही आली होती. "अप्पा, आधी क्लिक करा, चित्राहुती मग घाला," असं ती त्यांना किती वेळा चिडवायची.

"मला वळखलं बघा मास्तरांनी," भीमराव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "इतक्या मान्सांत नेमकं मला."

घरी येऊन दीपश्री इंटरनेटवर बसली, आणि तासाभरात तिला उत्तर मिळालं. त्या प्रोग्राममध्येच भोक होतं. ते नुकतंच कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं आणि जगभर त्याची बोंब झाली होती. आत येणाऱ्याला तो प्रोग्राम दारातच विचारायचा, की बाबा, तुझी ओळख कशी पटवून घेऊ? आणि येणाऱ्यानं "ओळख पटवूच नकोस" म्हटलं, की "बरं" म्हणून त्याला आत घ्यायचा. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, त्याला विचारतो कोण! असला रखवालदार गुरुप्रसादनं एक दिवस ठेवला नसता. म्हणजे कुठला तरी रिकामटेकडा कुठल्या तरी देशात बसून हा उद्योग करत होता, एवढंच. दीपश्रीचा जीव भांड्यात पडला. पण अप्पा नव्हते, म्हणून तो कुठेतरी खट्टूही झाला.

प्रोग्रामची दुरुस्त केलेली आवृत्ती आली होती. ती घेऊन दीपश्री दुसऱ्या दिवशी निघणार, तोच गुरुप्रसादचा फोन आला. भीमराव सकाळी उठलाच नव्हता. रात्री नीट जेवला होता म्हणे, काही दुखत खुपत नव्हतं. अळणावरकडे त्याच्या गावी नेणार होते.

तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण साठी उलटलेला माणूस, जन्मभर लेथवर उभा राहिलेला. याच्या पलीकडे तिच्या मनात काही आलं नाही. तिनं एकेक करून सगळ्या कारखान्यांची दारं बंद केली. गुरुप्रसादच्या पडद्यावरचा बाण त्यानंतर पुन्हा आपोआप हलला नाही.

आणि मग तिच्या हातून चूक झाली. जेवता जेवता तिनं हे सगळं आईला सांगितलं.

हेमावतीबाईंचा घास हातातच राहिला. "गोल फिरला? नक्की गोल?"

"अगं, कुणीतरी चोर आहे तो. मी आता सगळीकडे..."

"आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर पण आहे ना ते भोक?"

"आहे. आज बुजवते."

"नको," आई म्हणाली. हातातला घास तिनं ताटात परत ठेवला. "कारखान्यांची दारं लावलीस, लाव. घराचं दार तरी त्यांच्या तोंडावर लावू नकोस, दीपे. निरोपसुद्धा घेतला नाही गं त्यांनी."

शिकली सवरली, कॉम्प्युटर कोळून प्यायलेली मुलगी. तिनं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही ते हवंच होतं. तिनं घरचा प्रोग्राम जुनाच राहू दिला.

दोनच दिवसांत बाण आला.

अप्पांचा कॉम्प्युटर मधल्या खोलीत होता. पडद्यावर तिघांचा फोटो होता, सोमेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर काढलेला. मध्ये अप्पा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दीपश्री. पहिल्या दिवशी बाण नुसता पायऱ्यांवरून रेंगाळून गेला. पुढे रोज दुपारी तो येऊ लागला आणि रोज आईच्या बाजूला थोडा थोडा सरकू लागला. आई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची. त्याच्याशी बोलायची. आज भाजी कसली केली, शेजारच्या विमलच्या मुलीचं कुठं ठरलं, सगळं. मग एक दिवस तिनं कॉम्प्युटरपुढे ताटच वाढून ठेवलं. आणि हळूहळू स्वतः जेवायची थांबली.

"त्यांचं झालं की बसते," म्हणायची. पण ती कधीच बसायची नाही. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. खोलीत एक वास यायला लागला. दीपश्रीला तो कुठे तरी ओळखीचा वाटायचा, पण नाव सापडत नव्हतं. पुष्कळ दिवस बंद ठेवलेल्या डब्यासारखा, उतरलेल्या भातासारखा.

एका दुपारी तिला राहवलं नाही. "आई, तू तर माझ्या लहानपणी दारावर ‘नाळे बा’ लिहायचीस."

ती गोष्ट धारवाड-हुबळीत कुणाला ठाऊक नाही! दीपश्री शाळेत होती तेव्हा साऱ्या गावात बोलवा उठली होती. एक बाई म्हणे दारोदार फिरते आणि आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली, दार उघडलं, की संपलं. एकच खूण, ती हाक एकदाच मारते. आपलं माणूस पुन्हा मारतं. म्हणून पहिल्या हाकेला कुणी हलायचं नाही. आणि प्रत्येक दारावर खडूनं कानडीत लिहिलेलं असायचं, ‘नाळे बा’, उद्या ये. ती यायची, वाचायची, परत जायची. दुसऱ्या दिवशी यायची, पुन्हा तेच वाचायची. आईनं लिहिलं की संध्याकाळी अप्पा तळव्यानं एका फटक्यात पुसून टाकायचे. "वाचता येणारं भूत असेल तर त्याचं शाळेत नाव घालू," म्हणायचे. आई पुन्हा लिहायची. असं महिनाभर चाललं होतं.

"ते परक्यासाठी लिहायचं असतं," आई म्हणाली.

"पण ती परकी होऊन येते का कधी? आपल्याच माणसाच्या आवाजात येते म्हणून तर..."

आई पडद्याकडे तोंड फिरवून बसली.

श्रावण लागला. अप्पांच्या महिन्याच्या श्राद्धाचा दिवस आला. बाळाचार्य सकाळीच आले. त्यांनीच मास्तरांचं सगळं केलं होतं. पिंड झाले, तर्पण झालं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा माजघरात केळीचं पान मांडलं आणि दीपश्री वाढायला लागली. आई मधल्या खोलीत होती. "तू वाढ, मी तिकडचं पान बघते," म्हणून मघाशीच गेली होती.

वरण वाढून दीपश्री मागे सरकली. बाळाचार्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, पुटपुटले, आणि पानाभोवती हात फिरवला. डावीकडून वर, तिथून उजवीकडे, आणि खाली.

ती बघत राहिली. लहानपणापासून हजार वेळा पाहिलेली गोष्ट. अप्पांचा हात असाच फिरायचा, माउससुद्धा असाच. आणि तो बाण? भीमरावच्या चेहऱ्याभोवती तो कसा फिरला होता? उजवीकडून वर... आणि डावीकडून खाली.

उलटा.

"काय झालं गं, दीपश्री?" बाळाचार्य म्हणाले. "तूप राहिलं."

"काका, हे पाणी... कशासाठी फिरवतात?"

"आता काय सांगू! हे अन्न माझं, याला दुसऱ्या कुणी शिवू नये, म्हणून. पाणी फिरवायचं आणि मग पहिला घास घ्यायचा." ते हसले आणि त्यांनी वरणभाताला हात घातला.

तुपाची वाटी दीपश्रीच्या हातातून सुटली.

भीमरावभोवती फेरा पुरा झाला होता. तो सकाळी उठला नाही.

ती धावत मधल्या खोलीत गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत तो वास दाटला होता, आणि आता तिला त्याचं नाव सापडलं. स्मशानात पिंडाचा भात उन्हात पडून राहतो, त्याचा वास होता तो. आई खुर्चीत मान टाकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते, पण त्यांवर हसू होतं. आणि पडद्यावर बाण तिच्या फोटोतल्या चेहऱ्याभोवती निघाला होता. उजवीकडून वर. अगदी सावकाश, जेवणाची मुळीच घाई नसलेल्या माणसासारखा.

दीपश्रीनं भिंतीतून टेलिफोनची वायर ओढून काढली.

बाण थांबला नाही.

आता वायर नाही, इंटरनेट नाही, भोक नाही, काही नाही. तरी तो कपाळावरून पलीकडे वळला. तिनं प्लग उपटला. यूपीएस टींटीं करत ओरडू लागला, पण पडदा तसाच उजळ राहिला. तिनं माउस धरून खेचला, तेव्हा तळव्याखाली तो उलट खेचला जातोय असं तिला स्पष्ट जाणवलं. पलीकडच्या हाताला जोर होता.

"आई! आई, ऊठ! हे अप्पा नाहीत. उलटा फिरतोय तो!"

हेमावतीबाईंनी डोळे न उघडताच म्हटलं, "गेलेल्या माणसाचं... सगळं उलटंच असतं गं..."

बाण गालाशी आला होता. हनुवटी तेवढी राहिली होती.

टेबलावर अप्पांची खडूची डबी होती. मास्तरच ते, निवृत्त झाले तरी डबी सुटली नव्हती. आईनं वाढलेल्या ताटाशेजारी पाण्याचं फुलपात्र होतं. दीपश्रीनं खडू त्यात बुचकळला आणि पडद्याच्या काचेवरच, आईच्या चेहऱ्यावरून आरपार, कानडी अक्षरं काढली. नाळे बा.

बाण थांबला. अक्षरांच्या कडेशी आला. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश सरकला, वाचणारा माणूस ओळीखालून बोट नेतो तसा. मग कोपऱ्याकडे गेला आणि नाहीसा झाला. यूपीएसनं दम सोडला, पडदा विझला. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं तेवढी राहिली.

आईनं डोळे उघडले. समोरच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "भूक लागलीय गं, दीपे."

दीपश्री तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली.

तो कॉम्प्युटर पुन्हा लावला नाही. काचेवरची अक्षरं पुसायची नाहीत, असं ठरलं. अप्पांचं जुनं उपरणं वरून टाकलं आणि दीपश्रीनं कामासाठी बाजारात एक खोली भाड्यानं घेतली. आई जेवू लागली, बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्या. पण पुष्कळ दिवस ती लेकीशी धड बोलत नव्हती. एकदाच म्हणाली, "आणि ते हेच असले तर? उद्या ये म्हणून परत पाठवलंस." रात्री अंथरुणावर पडल्यावर हाच प्रश्न दीपश्रीचं काळीज कुरतडायचा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या एकूण एक हत्याराला हळदकुंकू लागतं. दीपश्रीनं विळी पुजली, कात्री पुजली, स्कूटरला झेंडूची माळ घातली. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. तबक घेऊन ती मधल्या खोलीत आली. त्या यंत्रानं अप्पांचं पोट नसेल भरलं, पण मन रमवलं होतं. एक फूल तरी वाहावं, असं तिला वाटलं.

तिनं उपरणं उचललं.

अक्षरं नव्हती. तळव्याच्या एका फटक्यात पुसलेली होती. खडूचा पांढुरका थर काचभर पसरला होता, आणि त्या थरात कुणीतरी बोटानं एक गोल काढला होता. पुरा, कुठेही न तुटलेला.

नीट बघायला ती वाकली. गोलातली काच स्वच्छ, काळी होती, आणि तिच्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता. गोलाच्या अगदी मधोमध.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "दीपे... पानं वाढलीत. ये."

तबकातलं निरांजन फडफडलं. दीपश्री जागची हलली नाही. श्वास रोखून ती दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली.